एसव्हीटी: गोळ्या की ॲब्लेशन? धोका कशात किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण ३४ वर्षांची. मधूनमधून अचानक छातीत धडधड होते. शेवटच्या वेळी नाडी १९० होती आणि इमर्जन्सीत ॲडेनोसिनच्या इंजेक्शनने ती थांबली. निदान एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक उठणारी जलद धडधड. सध्या मेटोप्रोलॉल (नाडी मंद करणारी गोळी) चालू आहे, डॉक्टर ॲब्लेशन (हृदयात तार नेऊन बिघडलेली वाट जाळणं) सुचवताहेत आणि घरच्यांचं म्हणणं आहे की हृदयात तार घालण्यापेक्षा गोळ्या बऱ्या.

या आजारात घरच्यांचा अंदाज बहुतेक उलटा आहे. बाकी हृदय धडधाकट असेल तर एसव्हीटीने जिवाला धोका क्वचितच होतो, त्यामुळे कसलीच घाई नाही. पण गोळ्या आजार बरा करत नाहीत, झटके फक्त कमी करतात. ॲब्लेशनने मात्र नेहमीच्या प्रकारात शंभरातले ९५ किंवा जास्त लोक कायमचे सुटतात. फक्त हे गणित 'एसव्हीटी' या निदानापुरतंच खरं आहे. ताल दुसरा निघाला तर सगळं बदलतं.

म्हणून सगळ्यात आधी झटका चालू असतानाचा ईसीजी मिळवा. इमर्जन्सीतला त्या वेळचा कागद फाइलमध्ये असेलच, त्याचा फोटो काढून ठेवा. नाडी अगदी १५०वर चिकटून बसलेली असेल तर फ्लटरचा (वरच्या कप्प्यांचा दुसरा एक जलद ताल) संशय घ्यायचा, कारण त्यात वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३००ने धडधडतात आणि दोनांतला एक ठोका खाली उतरतो. वेग हळूहळू चढून हळूहळू उतरत असेल तर बहुधा ती हृदयाची नेहमीचीच चाल, कशामुळे तरी वाढलेली: ताप, रक्तक्षय, थायरॉइड, शरीरात पाणी कमी. तिथे कारणावर उपचार करायचा, औषधाने नाडीचा वेग दाबायचा नाही. ईसीजीतले ठोके रुंद असतील तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारा धोकादायक जलद ताल, समजतात. तिथे एसव्हीटी समजून शिरेतून वेरापामिल (नाडी मंद करणारं दुसरं औषध) दिलं तर रक्तदाब कोसळून रुग्ण जागेवर ढासळू शकतो.

आणखी एक कागद हवा, धडधड नसतानाचा ईसीजी. त्यात डेल्टा वेव्ह (ठोक्याच्या सुरुवातीचा तिरका चढ) दिसली तर जन्मजात जादा वायर आहे, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू. अशा माणसाला एट्रियल फिब्रिलेशन (वरचे कप्पे बेताल थरथरणं) झालं तर वरचे बेफाम ठोके त्या वायरने थेट खाली जातात. त्या वेळी वेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन किंवा शिरेतून ॲमिओडॅरोन दिल्यास व्हीएफपर्यंत (खालचे कप्पे नुसते थरथरण्याची जीवघेणी अवस्था) मजल जाऊ शकते. डेल्टा वेव्ह असेल तर ॲब्लेशनवर फार वेळ चर्चा करत बसू नये, असं माझं स्पष्ट मत.

घरी झटका आला तर काय करायचं ते नीट शिकून घ्या, कारण बहुतेक लोक अर्धवट करतात. अर्धवट टेकून बसायचं. १० मिलिच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं. फुंकणं संपताक्षणी पाठ सपाट आडवी करायची आणि दुसऱ्या कोणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. मग परत बसायचं. नुसतं बसून फुंकण्याने १७ टक्के लोकांचा ताल सुधारला आणि पाय उचलण्याच्या पद्धतीने ४३ टक्क्यांचा, असं २०१५च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पाय उचलण्यात उशीर झाला की फायदा जातो, म्हणून घरातल्या एकाला आधीच तालीम द्या. मानेवरची नस चोळण्याचा प्रयोग घरी नको. तिथल्या धमनीत चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून पक्षाघात होऊ शकतो. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दम लागणं यांपैकी काही असेल तर फुंकत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

ॲडेनोसिनबद्दल ती घाबरली असेल तर तिला सांगा की तो अनुभव तसाच असतो. औषधाचं अर्धायुष्य १० सेकंदांहून कमी, त्यामुळे ते कोपराजवळच्या मोठ्या शिरेत झपकन ६ मिग्रॅ आणि लगेच मागून २० मिलि सलाइन असं ढकलावं लागतं. मनगटाच्या बारीक शिरेतून हळूहळू दिलं तर हृदयापर्यंत पोचण्याआधीच संपतं आणि 'औषध लागू पडलं नाही' असा शेरा पडतो. ६ने थांबलं नाही तर १२. काही सेकंद मॉनिटरवर सरळ रेघ येते, छाती आवळते, चेहरा तापतो, 'आता संपलं' असं वाटतं आणि ओसरतं. दमा असेल तर आधी सांगायचं, श्वासनलिका आवळू शकतात. डिपिरिडॅमोल (गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं औषध) चालू असेल तर डोस कमी करावा लागतो. कॅफीन आणि थिओफायलिनने (दम्याचं एक औषध) उलट परिणाम घटतो. काही जणांत या इंजेक्शनानेच एट्रियल फिब्रिलेशन सुरू होतं, म्हणून डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देणारं यंत्र) शेजारी ठेवूनच ते देतात. देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवावी, कारण त्या काही सेकंदांत लपलेला फ्लटर उघडा पडतो.

रक्तदाब कोसळला असेल तर औषधं बाजूला ठेवून भूल देऊन विजेचा झटका देतात. तो ठोक्याशी जुळवलेला असावा लागतो. त्यासाठीचं 'सिंक' बटण न दाबता चुकीच्या क्षणी बसला तर त्यातूनच व्हीएफ सुरू होऊ शकतो. बऱ्याच मशिनवर दर झटक्यानंतर सिंक पुन्हा दाबावं लागतं आणि घाईत नेमकं तेच राहतं.

आता रोजच्या गोळ्या. मेटोप्रोलॉलने थकवा, गार हातपाय, कमी नाडी, दमेकऱ्यांना दम, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड झाकली जाणं, एवढं अपेक्षित धरा. मनाने एकदम बंद करू नका, धडधड उसळते. एखाद्या डॉक्टरने वेरापामिल लिहिलं आणि मेटोप्रोलॉल घरात होतंच, म्हणून दोन्ही चालू राहिलं, तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते.

यापुढची औषधं, म्हणजे फ्लेकेनाइड, सोटॅलॉल, ॲमिओडॅरोन, 'जरा जास्त पॉवरच्या गोळ्या' नव्हेत. ताल सुधारणारं औषध नवा बेताल निर्माण करू शकतं. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांतले जादा ठोके गोळीने दाबले तर मृत्यू टळतील असं एके काळी सगळ्यांनाच वाटत होतं. 'कास्ट' नावाच्या चाचणीत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने ठोके खरोखर दबले, पण मृत्यू दुपटीहून जास्त झाले आणि १९८९मध्ये ती औषधं त्या चाचणीतून थांबवावी लागली. म्हणून ॲटॅक येऊन गेलेल्याला किंवा पंपिंग कमी असलेल्याला फ्लेकेनाइड देत नाहीत. सोटॅलॉलने क्यूटी (ईसीजीतलं, ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचं अंतर) लांबतो. क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला, पोटॅशियम उतरलं किंवा वर ॲझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक पडली, की टॉर्साडचा (व्हीटीचा एक जीवघेणा प्रकार) धोका. ॲमिओडॅरोन प्रभावी आहे, पण २०० मिग्रॅच्या गोळीत सुमारे ७५ मिग्रॅ आयोडीन असतं आणि बंद केल्यावरही ते कित्येक आठवडे, कधी महिने अंगात राहतं. थायरॉइड दोन्ही दिशांनी बिघडू शकतं, फुप्फुसं आणि लिव्हरवर परिणाम होतो, वॉरफरिनचा (रक्त पातळ करणारी गोळी) डोस साधारण ३० ते ५० टक्के घटवावा लागतो. दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या न सांगता कोणी हे लिहून दिलं, तर पुन्हा विचारा. तरुण माणसाच्या साध्या एसव्हीटीला ते मला पटत नाही.

ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून तारा वर नेतात, मुद्दाम झटका सुरू करून वाट शोधतात आणि ती जाळतात किंवा गोठवतात. एव्हीएनआरटी या सर्वांत नेहमीच्या प्रकारात एव्ही नोड, म्हणजे वरचे ठोके खाली पोचवणारं केंद्र, त्याजवळची 'स्लो' वाट जाळायची असते. खरी कसरत ही, की मुख्य नोड तिथून काही मिलिमीटरवरच असतो. ऊती साधारण ५० अंशांपुढे तापल्या की कायमच्या मरतात, म्हणून वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा ताळमेळ तुटताना दिसताच करंट तत्क्षणी बंद करतात. तरीही साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी लोकांना हार्ट ब्लॉक होऊन (वरचे ठोके खाली न पोचून) पेसमेकर लागतो. जागा फारच जवळची असेल तर गोठवण्याची पद्धत विचारा. त्यात आधी कमी गारव्यावर चाचपता येतं आणि ब्लॉक दिसला तर थांबून ऊब येऊ देता येते. बदल्यात आजार परतण्याचं प्रमाण थोडं जास्त. सगळ्यात जास्त दिसणारी अडचण मात्र जांघेतलं काळंनिळं होणं. हृदयाभोवती रक्त साठणं विरळ, पण घडतं. जादा वायर हृदयाच्या डाव्या बाजूला असेल तर गुठळीने पक्षाघाताचा छोटा धोका त्यात मिळवा.

इंटरनेटवर 'ॲब्लेशननंतर अन्ननलिकेला भोक' असं वाचलं असेल, तर ते एट्रियल फिब्रिलेशनच्या ॲब्लेशनबद्दल आहे. त्यात डाव्या कप्प्याची मागची भिंत जाळावी लागते आणि अन्ननलिका तिला चिकटूनच असते. फार विरळ, पण जीवघेणं. नंतरच्या काही आठवड्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा हातपाय लुळे पडणं दिसलं तर सीटी करतात, दुर्बीण घालत नाहीत. त्या आजाराचा हिशेबच वेगळा. तिथे ताल सरळ झाला तरी गुठळीचा धोका असलेल्यांची रक्त पातळ करणारी गोळी चालूच राहते. एट्रियल फिब्रिलेशन ४८ तासांहून जुनं असेल तर विजेच्या झटक्याने ताल बदलण्याआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे ती गोळी हवी, किंवा आधी अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री.

बहिणीला पुढे मूल हवं असेल तर ॲब्लेशन आधी उरकणं सोयीचं. गरोदरपणात झटके वाढू शकतात आणि तेव्हा औषधं निवडायला वाव कमी. झटके क्वचित येत असतील, फुंकण्याने थांबत असतील आणि डेल्टा वेव्ह नसेल, तर काहीच न करता थांबणंही चालतं.

करायचं ठरलंच तर डॉक्टरांना विचारा: या प्रकाराची किती केली, त्यांतल्या किती जणांना पेसमेकर लागला, थ्रीडी मॅपिंग (हृदयाच्या आतला त्रिमितीय नकाशा) असेल का. मेटोप्रोलॉल काही दिवस आधी बंद करायला सांगतील. तारीख लिहून घ्या, कारण औषध अंगात राहिलं तर टेबलावर झटका सुरूच होत नाही आणि वाट सापडत नाही. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, आठवडाभर वजन उचलायचं नाही. पहिले काही आठवडे मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, त्याला घाबरू नका. पण अचानक सुरू होऊन सलग चालणारी धडधड आली तर ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्या.