मोटरसायकलच्या सिक्युरिटी सिस्टमला वेगळा सायरन कसा जोडायचा?

तुमच्या गाडीचा अलार्म चालू झाला की फक्त इंडिकेटर चमकतात, आवाज होत नाही. अलार्मच्या मॉड्यूलमधून (त्याच्या कंट्रोल डब्यातून) एक मोकळी ट्रिगर वायर निघालेली आहे आणि तिला सायरन सरळ जोडला तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. सरळ जोडू नका. मध्ये रिले टाका, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

ती वायर सायरनला वीज पुरवण्यासाठी नसते, फक्त इशारा देण्यासाठी असते. तिच्या मागे मॉड्यूलमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो आणि बऱ्याच मॉड्यूलमध्ये त्याची क्षमता २०० ते ५०० मिलिअँपिअर एवढीच असते. १२ व्होल्टचा दणकट सायरन एक-दीड अँपिअर सहज ओढतो. सरळ जोडला तर काही वेळा वाजेलही, पण तेवढ्यात ट्रान्झिस्टर गरम होऊन जातो. तो शॉर्ट होऊन गेला तर सायरन बंदच होत नाही आणि मॉड्यूल बदलावं लागतं. साध्या ऑटोमोटिव्ह रिलेची कॉइल (आतला स्विच ओढणारं तारेचं वेटोळं) मात्र साधारण १५० मिलिअँपिअर घेते, ती बहुतेक मॉड्यूलना झेपते. मॅन्युअलमध्ये आउटपुटची मर्यादा आधी पाहा. सायरन त्या मर्यादेच्या बराच खाली असेल तरच रिले टाळता येतो.

काहीही कापण्याआधी ट्रिगर पॉझिटिव्ह आहे (अलार्मच्या वेळी वायरवर १२ व्होल्ट देतो) की निगेटिव्ह (वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडतो) ते शोधा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळा ट्रिगर वायरला लावा, आणि गाडी हलवून अलार्म चालू करा. अलार्म चालू असताना १२ च्या आसपास आकडा आला आणि बंद असताना गेला, तर ट्रिगर निगेटिव्ह. तसं झालं नाही तर काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल ट्रिगरला लावून पुन्हा पाहा. आता अलार्मच्या वेळी १२ आले तर पॉझिटिव्ह. अलार्म बंद असताना मीटर एक-दोन व्होल्ट दाखवत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका, मोकळ्या वायरवर तसं दिसतं. ही तपासणी बल्बच्या टेस्टरने करू नका. बल्ब जास्त करंट ओढतो आणि ज्या ट्रान्झिस्टरला वाचवायचं तोच जातो.

याच वेळी आउटपुट सलग येतो की तुटक तेही बघून घ्या. हॉर्नसाठी दिलेला आउटपुट अनेकदा चालू-बंद होत राहतो. इलेक्ट्रॉनिक सायरनला अशी तुटक वीज मिळाली की त्याचा सूर दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो आणि नुसतं टुक-टुक ऐकू येतं. मॉड्यूलवर सायरन आणि हॉर्न अशी निवड करणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो सायरनवर लावा. इंडिकेटरच्या वायरवरून ट्रिगर घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: रस्त्यात वळताना सायरन वाजेल.

सामान थोडंच लागतं: १२ व्होल्टचा चार किंवा पाच पिनांचा रिले आणि त्याचा सॉकेट, वायरीत बसणारा फ्यूज होल्डर आणि ३ अँपिअरचा फ्यूज, १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर, क्रिम्प टर्मिनल (वायरवर दाबून बसवायची टोकं), हीट श्रिंक (गरम केल्यावर आक्रसणारी नळी). बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा आणि सगळ्यात शेवटी जोडा.

ट्रिगर निगेटिव्ह असेल तर जोडणी अशी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायर काढा आणि वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवा. फ्यूज लांब असेल तर त्याच्या अलीकडची वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी तो उडणार नाही. फ्यूजनंतर ही वायर रिलेच्या ३० आणि ८६ या दोन्ही पिनांना द्या (हे आकडे रिलेवरच लिहिलेले असतात). ८५ ला मॉड्यूलची ट्रिगर वायर. ८७ वरून सायरनची लाल वायर, आणि सायरनची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. पाच पिनांच्या रिलेत ८७ए ही पिन मोकळी सोडून झाकून टाका. चुकून तिथे जोडलंत तर अलार्म बंद असताना सायरन वाजतो. ट्रिगर पॉझिटिव्ह असेल तर फक्त कॉइलची बाजू बदलते: ८६ ला ट्रिगर, ८५ अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा फ्रेमला.

डायोड ८५ आणि ८६ च्या मध्ये लावायचा, अंगावर पट्टी असलेलं टोक ८६ कडे. तो विसरू नका. रिले सुटताना कॉइलमधून उलट्या दिशेने शंभर व्होल्टच्या वर झटका येऊ शकतो आणि तो थेट मॉड्यूलच्या ट्रान्झिस्टरवर आदळतो. डायोड उलटा लावला तर मात्र ट्रिगर येताक्षणी शॉर्ट होतो, म्हणून पट्टी दोनदा तपासा. आतच डायोड असलेले रिले मिळतात. तो घेतलात तर वेगळा डायोड नको, पण ८६ पॉझिटिव्हलाच गेली पाहिजे.

पहिली चाचणी सायरनच्या जागी १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब लावून करा. रिले टक् वाजून बल्ब लागला, अलार्म थांबल्यावर विझला, की जोडणी बरोबर. मग सायरन लावा, आणि कानात इअरप्लग घालून. १२० डेसिबलचा सायरन हातभर अंतरावर कानाला इजा करतो. रिले फडफडत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा अर्थ कच्चा असतो. अर्थ फ्रेमवर घेतला असेल तर रिंग टर्मिनलखालचा रंग खरवडून धातू उघडा करा.

जोडांची काळजी घ्या, कारण बाइकवर कंपन आणि पाणी दोन्ही असतं. वायर न कापता चिमटून बसणारे निळे-लाल क्लिप कनेक्टर टाळा. ते तारेचे काही धागे तोडतात आणि पाणी शिरून आतून गंजतात. नीट क्रिम्प करून वर गोंदवाला हीट श्रिंक चढवा. नुसत्या सोल्डरचा जोड, सोल्डर जिथे संपतं तिथे, कंपनाने तुटतो.

जागा निवडताना सायरनचं तोंड खाली किंवा तिरकं खाली ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. सायलेन्सरपासून लांब, सीट किंवा पॅनेल काढल्याशिवाय हात पोचणार नाही असा, पण तोंडासमोर थोडी मोकळी जागा असलेला. प्लॅस्टिकच्या बंद कप्प्यात कोंबलात तर आवाज दबतो. उघड्यावरसुद्धा अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. १ मीटरवर १२० असलेला आवाज १६ मीटरवर ९६ च्या आसपास येतो. हँडल दोन्ही टोकांना वळवून आणि सस्पेन्शन दाबून वायर ताणली जात नाही ना, ते बघा.

धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरच्या शेजारी सायरन बसवू नका. सायरनचं कंपन सेन्सरला धक्का वाटतं आणि अलार्म स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालू करत राहतो. सेन्सर सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर ठेवा, सीटवर हलकी थाप मारा, आणि गाडी स्टँडवरून उचलताना नक्की वाजेल इथपर्यंतच हळूहळू वाढवा. माझ्या मते डेसिबलपेक्षा ही सेटिंग महत्त्वाची. शेजारून ट्रक गेला तरी वाजणाऱ्या गाडीकडे लोक चार दिवसांत बघायचं सोडतात. वाजण्याची वेळ ३० सेकंद पुरे. पोलिस किंवा रुग्णवाहिकेसारख्या सुरांवर अनेक देशांत बंदी असते, म्हणून एकसुरी सायरन घ्या.

बॅटरी उतरेल का, ही शंका रास्त आहे. वरच्या जोडणीत सायरन आणि रिले शांत असताना काहीच ओढत नाहीत. १ अँपिअरचा सायरन ३० सेकंद वाजला तर ०.०१ अँपिअर-तासही जात नाही; १० वॅटचे चार इंडिकेटर चमकतात तेव्हा त्याहून जास्त जातात. खरा खर्च मॉड्यूलचा असतो. ते सतत १० मिलिअँपिअर घेत असेल तर ५ अँपिअर-तासाची बॅटरी दहा दिवसांत निम्मी होते. गाडी बंद करून काही मिनिटं थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर मालिकेत, म्हणजे टर्मिनल आणि त्याची सोडलेली वायर यांच्या मध्ये, लावून करंट मोजा. आधी १० अँपिअरच्या रेंजवर, मग खालच्या. मीटर लावलेला असताना इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

चोर बॅटरीची वायर कापेल अशी भीती असेल तर आत स्वतःची बॅटरी असलेला सायरन घ्या. त्याला कायम १२ व्होल्ट, अर्थ आणि वेगळी ट्रिगर वायर लागते. म्हणजे लाल वायर फ्यूजनंतर थेट द्यायची, आणि त्याची ट्रिगर वायर पॉझिटिव्ह प्रकारची असेल तर ती ८७ वर. वीज तुटली की तो स्वतःच वाजतो, म्हणून गॅरेजमध्ये बॅटरी काढण्याआधी त्याची किल्ली बंद करायची. आतले सेल काही वर्षांत संपतात, तेव्हा अधूनमधून फ्यूज काढून तो अजून वाजतो का ते तपासा.