१:१००० म्हणजे एकास हजार की हजारात एक?

प्रश्न असा आहे: रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांसाठी तातडीच्या औषधांची मराठी टिपणं करायची आहेत. अ‍ॅड्रिनलिनच्या अँप्यूलवरचं (औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीवरचं) १:१००० मराठीत 'एकास हजार' असं लिहावं का? आणि डोसला 'मात्रा', कॉन्सन्ट्रेशनला (द्रावणात औषध किती दाट आहे त्याला) 'तीव्रता' म्हटलेलं चालेल का?

'एकास हजार' नको. 'हजारात एक' लिहा, आणि त्याच्याही आधी 'एका मिलीत १ मिलिग्रॅम' असं स्वच्छ लिहा. कारण विभक्तीत दडलंय.

'एकास चार' म्हटलं की गवंडी एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू घेतो. एकूण झाली पाच. चतुर्थीचा हा 'स' दोन वेगवेगळ्या ढिगांची सांगड घालतो. अँप्यूलवरच्या आकड्यात असा दुसरा ढीग नाहीच. तिथे १ ग्रॅम औषध आहे आणि ते धरून तयार झालेलं एकूण द्रावण १००० मिली आहे. म्हणजे १००० मिलिग्रॅम भागिले १००० मिली, मिलीला १ मिलिग्रॅम. पूर्णातला भाग सांगायला मराठी सप्तमी वापरते: शंभरात दहा, हजारात एक.

शिवाय 'एकास दहा हजार' हे कानाला 'एकास हजार'पेक्षा जालीम वाटतं. प्रत्यक्षात ते दहापट सौम्य असतं, आणि धांदलीत घोळ होतो तो इथेच. 'दहा हजारांत एक' म्हटलं की गणित न करताही विरळपणा कळतो. 'लाखात एक' हे 'हजारात एक'पेक्षा दुर्मीळ, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आता हे सिरिंजमध्ये कसं दिसतं ते पाहा. हृदय बंद पडलेल्या प्रौढाला शिरेतून १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन, दर ३ ते ५ मिनिटांनी. आपल्याकडे सहसा मिळते ती १ मिलीची, १ मिलिग्रॅमची अँप्यूल. ती १० मिलीच्या सिरिंजमध्ये ओढायची, वर ९ मिली नॉर्मल सलाइन (मिठाचं निर्जंतुक पाणी) घ्यायचं. झालं दहा हजारांत एक. म्हणजे गवंड्याच्या भाषेत हे मिश्रण 'एकास नऊ' आहे! टिपणात 'एकास दहा पातळ करा' लिहिलंत तर कुणीतरी १० मिली सलाइन घालणार आणि द्रावण ११ मिली होणार. प्रौढाला आख्खी सिरिंज द्यायची असल्याने फार बिघडत नाही. पण हृदय थांबलेल्या मुलाला याच द्रावणातून किलोमागे ०.१ मिली मोजून देतात, तिथे प्रत्येक वेळी औषध कमी पडतं.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीत, हेच औषध पातळ न करता द्यायचं: प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे 'हजारात एक'मधलं अर्धा मिली, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. तेवढंच औषध 'दहा हजारांत एक'मधून द्यायचं तर ५ मिली स्नायूत टोचावं लागेल. उलटी चूक मात्र जिवावर बेतते. हृदय चालू असलेल्या माणसाच्या शिरेत न पातळ केलेली आख्खी अँप्यूल 'पुश' झाली की रक्तदाब एकदम भडकतो, हृदयाची लय बिघडते, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. अमेरिकेत याच गोंधळापायी २०१६पासून नुसत्या अ‍ॅड्रिनलिनच्या लेबलवरून गुणोत्तर काढून टाकलं आणि मिलीला किती मिलिग्रॅम एवढंच ठेवलं. भूल देण्याच्या लिग्नोकेनमध्ये मिसळलेल्या अ‍ॅड्रिनलिनला ते अजून चिकटून आहे; तिथलं 'दोन लाखांत एक' म्हणजे मिलीला ५ मायक्रोग्रॅम.

'मात्रा' जरूर वापरा, शब्द मुरलेला आहे. फक्त एक लक्षात ठेवा: मराठीत मात्रा हे औषधाचं माप आहे तसंच औषधही आहे. अखेरच्या घटकेला उगाळून चाटवायची ती हेमगर्भाची मात्रा, म्हणजे जुन्या घरांतलं तातडीचं औषधच. 'त्याच्यापुढे मात्रा चालेना' हा वाक्प्रचारही तिथलाच. त्यामुळे 'एक मात्रा द्या' असं लिहू नका. आकडा आणि एकक जोडा. गाडीत बोलताना सगळे 'डोस'च म्हणणार, आणि म्हणू द्यावं.

'एक अँप द्या' या बोलीला मात्र टिपणात थारा नको. अ‍ॅट्रोपिनची नेहमीची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची असते. नाडी धोकादायक मंद झाली तर प्रौढाची एका वेळची मात्रा १ मिलिग्रॅम आहे, म्हणजे 'एक अँप' कमीच पडली. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत तर सुरुवातच १.८ ते ३ मिलिग्रॅमने, म्हणजे ३ ते ५ अँप्यूलनी होते. पुरेसा उतार नसेल तर दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात, छातीतली घरघर थांबून नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत. डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नसतं. इथे 'कमाल ३ मिलिग्रॅम' ही मंद नाडीची मर्यादा लावली तर रोगी हातचा जाईल. म्हणून 'कमाल मात्रा' लिहिताना कशासाठी, तेही शेजारीच लिहा.

'तीव्रता' नको. त्याच पानावर वेदनेची तीव्रता दहापैकी किती, असं विचारलेलं असणार. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला 'संहती' अचूक आहे, पण गाडीत तो कुणाच्या तोंडी नाही. 'प्रमाण' तर सर्वांत निसरडा. त्यात गुणोत्तरही येतं आणि नुसतं 'किती'ही. मी रकान्याला 'मिलीला किती' असं नाव देईन. टक्केही त्यात बसतात: टक्के म्हणजे १०० मिलीत इतके ग्रॅम, म्हणून टक्क्याला दहाने गुणलं की मिलीला मिलिग्रॅम. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे २०. ५० टक्के मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे ५००, त्याच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम.

विचारलेलं नाही, तरी अंकांबद्दल सांगतो. अँप्यूलवर इंग्रजी अंक असतात, आणि घाईत लिहिलेला देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा वाचला जातो. तेव्हा तक्त्यात एकच लिपी ठेवा. '.५' नव्हे, '०.५' लिहा, '१.०' नव्हे, नुसतं '१' लिहा, कारण टिंब पुसट झालं की दहा होतात. मायक्रोग्रॅमचा संक्षेप करूच नका, 'मिग्रॅ'शेजारी 'मायग्रॅ' आला की डोळा हमखास चुकतो.