‘पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’

प्रश्न : मी अकरावीत आहे, वय १६. इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या एका मुलीने व्हिडिओ कॉल केला. कॉलवर जे झालं ते रेकॉर्ड करून आता ती धमकावते आहे. माझ्या फॉलोअर्सच्या यादीचे स्क्रीनशॉट पाठवून १०,००० रुपये मागितले. बाबांच्या यूपीआयवरून २,००० पाठवले, तर तासाभरात आणखी ५,००० मागितले. घरी कळलं तर मी संपलोच. काय करू?

उत्तर : यापुढे एक रुपयाही पाठवू नकोस. पहिले २,००० मिळाल्यावर मागणी वाढली ती याचसाठी, की हा मुलगा घाबरलाय आणि याच्याकडून पैसे निघतात, हे त्यांना कळलं. पलीकडे मुलगी असेलच असं नाही. बऱ्याचदा आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवून टोळी बसलेली असते. अशा टोळ्या एकाच वेळी अनेकांच्या मागे लागलेल्या असतात आणि जो उत्तर देतो त्यालाच पिळतात. म्हणून विनवण्याही नकोत, उलट धमक्याही नकोत.

घाबरून बहुतेक मुलं सगळ्यात आधी चॅट उडवतात किंवा अकाउंट बंद करतात. इथेच पुरावा जातो. शिवाय इन्स्टाग्रामवर समोरचा स्वतःचे मेसेज मागे घेऊ शकतो आणि ते तुझ्याकडूनही नाहीसे होतात. त्यामुळे आत्ताच चॅटचे, धमक्यांचे, मागितलेल्या रकमेचे स्क्रीनशॉट घे. आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळतं. तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढ. प्रोफाइलचं नुसतं नाव पुरत नाही, ते बदलता येतं. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव. त्यांचा फोन नंबर आणि यूपीआय आयडीही लिहून ठेव. मग रिपोर्ट कर, ब्लॉक कर आणि अकाउंट प्रायव्हेट कर.

आता बाबा. पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत, त्यामुळे त्यांना सांगावंच लागेल आणि ते आजच सांगायला हवं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लवकर फोन गेला तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ती एकदा काढून घेतली की हाती काही लागत नाही. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ आणि यूपीआय ॲपमधल्या व्यवहारावर दिसणारा १२ आकडी यूटीआर नंबर जवळ हवा. बोलायला शब्द सुचत नसतील तर एवढंच म्हण : “बाबा, मला ऑनलाइन ब्लॅकमेल करतायत. तुमच्या खात्यातून दोन हजार गेलेत. आत्ता १९३० ला फोन करायचाय, बाकीचं नंतर सांगतो.” बाबांशी बोलवतच नसेल तर आई, मामा, आत्या, वर्गशिक्षक, कुणीही एक मोठं माणूस गाठ.

व्हिडिओ पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापर. ती अमेरिकेतली एक संस्था चालवते आणि १८ वर्षांखाली असताना काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठीच आहे. व्हिडिओची प्रत तुझ्याकडे असावी लागते, पण ती कुठे पाठवावी लागत नाही. तुझ्या फोनवरच तिचा डिजिटल ठसा (व्हिडिओ ओळखणारा कोड) तयार होतो आणि तेवढाच इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. खासगी चॅटमध्ये फिरणारी प्रत मात्र याने सापडत नाही.

पुढच्या काही दिवसांत ‘सायबर पोलिस’ किंवा ‘सीबीआय’ म्हणून कुणी फोन करून व्हिडिओ काढून टाकण्यासाठी पैसे मागू शकेल. तो त्याच टोळीचा दुसरा डाव असतो.

आणि ‘संपलोच’ हा शब्द आम्ही हलक्यात घेत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर एकटा राहू नकोस. १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक दिवसरात्र असतात, मराठीतही बोलता येतं. १८ वर्षांखालच्यांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मुलांनाही मुलींइतकाच लागू आहे. गुन्हा तुझ्यावर झालाय.

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलीचा चेहरा वर्गातल्या एका मुलाने एआय ॲपने नग्न फोटोवर लावला आणि ग्रुपवर टाकला. शाळा म्हणते, आपसात मिटवा. ती शाळेत जायला तयार नाही.

उत्तर : ताई, हे आपसात मिटवायचं प्रकरण नाही. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ नुसार शाळेवरही बंधनकारक आहे, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्यावर थांबलात तर पुढे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं ऐकावं लागतं.

पुरावा म्हणूनही तो फोटो कुणाला फॉरवर्ड करू नका, मुख्याध्यापकांनाही नाही. पाठवणं हाच गुन्हा ठरतो. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि फोन प्रत्यक्ष दाखवा. त्यानंतर ग्रुप ॲडमिनला तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला लावा. ज्यांच्या गॅलरीत तो आपोआप सेव्ह झाला असेल त्यांच्या पालकांशी शाळेनेच बोलायला हवं.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर महिला व मुलांच्या विभागात करता येते. नाव न देताही होते, पण मग तिचा पुढचा मागोवा घेता येत नाही. म्हणून नाव द्या. मुलीला पोलिस ठाण्यात न्यावं लागेल ही धास्ती नको. तिचा जबाब घरी, तुमच्यासमोर, साध्या वेशातल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. तिची ओळख छापायला बंदी आहे. तो मुलगाही अल्पवयीन असेल, तर त्याचं प्रकरण मोठ्यांच्या कोर्टाऐवजी अल्पवयीनांसाठीच्या बाल न्याय मंडळासमोर जाईल. त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होईल म्हणून गप्प बसा, असं कुणी म्हणालं तर हे सांगा. अडलंच तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे.

प्रश्न : असं काही होऊ नये म्हणून मुलाचा फोनच काढून घेऊ का?

उत्तर : नको. फोन जाईल या भीतीनेच मुलं धमकी आल्याचं लपवतात. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून अकाउंट प्रायव्हेट करा, अनोळखी फॉलोअर्स काढा, अनोळखी व्हिडिओ कॉल घ्यायचा नाही असं ठरवा. आणि ‘काहीही झालं तरी सांग, फोन काढून घेणार नाही’ हा शब्द आजच द्या.