नॅनो लस म्हणजे काय, आणि मावशींच्या कॅन्सरला तिचा उपयोग होईल का?

तुमच्या मावशींना कॅन्सर झाल्याचं वाचून वाईट वाटलं. तुमचे प्रश्न दोन, नॅनो लस हा प्रकार नवीन आहे का, आणि "नॅनो व्हॅक्सिनने कॅन्सर बरा" हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज खरा का. मी डॉक्टर नाही, लशींच्या फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे लस टिकेल आणि टोचता येईल अशा रूपात बनवण्याच्या कामात, काही वर्षं काम केलंय, त्यामुळे पहिल्यावर जरा जास्तच बोलेन, सांभाळून घ्या.

नॅनो लस म्हणजे नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मापाच्या कणांची लस. नाव नवीन, वस्तू जुनी. हिपॅटायटिस बी ची लस घेतली असेल ना, ती म्हणजे विषाणूचं एकच प्रोटीन यीस्टमध्ये बनवून त्याचे तयार झालेले साधारण २२ नॅनोमीटरचे गोळे, आत विषाणू नाहीच, नुसतं टरफल. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) लस पण तशीच, आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक धरून. आणि गंमत म्हणजे त्याच हिपॅटायटिसच्या टरफलाला मलेरियाच्या परजीवीचा तुकडा जोडून ऑक्सफर्डवाल्यांनी आर२१ ही मलेरियाची लस काढली, ती सिरम बनवते, ऑक्टोबर २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने शिफारसही केली.

एवढ्या बारीक कणाचा फायदा काय? सुटं प्रोटीन टोचलं तर ते रक्तात पांगतं, कण फार मोठा असेल तर टोचल्या जागीच अडकून बसतो, मधल्या मापाचा, म्हणजे वीस ते शंभर नॅनोमीटरच्या आसपासचा, सरळ काखेतल्या लिम्फ नोडमध्ये (रोगप्रतिकारक पेशींची गाठ) पोचतो, आणि तिथे एकच प्रोटीन ओळीने साठ-सत्तर वेळा दिसलं की बी सेल्स, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, चांगल्याच खवळतात.

एमआरएनए लशीत (हिच्यात प्रोटीन नसतं, ते बनवायची कृती आरएनएच्या रूपात पेशींना देतात) कणाचं काम वेगळं, तिथे तो पार्सलचा डबा. उघडा आरएनए शरीरात टिकतच नाही, म्हणून तो चार प्रकारच्या लिपिडमध्ये, म्हणजे चरबीसारख्या पदार्थांत, गुंडाळायचा. अल्कोहोलमधली लिपिडं आणि आंबट द्रावणातला आरएनए बारीक चॅनेलमध्ये जोरात भिडवले की कण आपोआप बनतात, खरी डोकेदुखी ते टिकवायची. एकदा रात्रीत आमचा फ्रीझर गंडला, सकाळी मोजलं तर ९० नॅनोमीटरचे कण ३०० चे झालेले, अख्खी बॅच फेकली. फायझरच्या कोविड लशीला उणे ७० अंश का लागायचं ते त्या दिवशी नीट कळलं. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने आपल्या कोविड लशीत यावर वेगळी वाट काढली, आरएनए कणाच्या आत न कोंबता बाहेरून चिकटवला आणि लस सुकवून पावडर केली, ती साध्या फ्रीजमध्ये राहते, २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

आता कॅन्सर. इथे लोक दोन गोष्टींची खिचडी करतात. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लशी कॅन्सर होऊ नये म्हणून, झालेला बरा करायला नाही. झालेल्यावरची लस म्हणजे पेशंटच्याच गाठीचं सिक्वेन्सिंग करून, म्हणजे तिचा डीएनए वाचून, तिच्यातले बदल हेरून, त्या एका माणसापुरता बनवलेला एमआरएनए. मॉडर्ना आणि मर्कच्या लशीत असे ३४ पर्यंत बदल घालतात. त्यांच्या ट्रायलमध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचे १५७ पेशंट होते, नुसत्या कीट्रुडापेक्षा (कॅन्सरविरुद्ध प्रतिकारशक्ती जागवणारं मर्कचं औषध) कीट्रुडा अधिक लस दिलेल्यांमध्ये कॅन्सर परतण्याची किंवा मृत्यूची जोखीम ४४ टक्क्यांनी कमी निघाली. आकडा चांगलाच आहे, पण नीट वाचा, गाठ ऑपरेशनने आधीच काढलेली, आणि लस एकटी नाही, कीट्रुडाच्या जोडीला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर बायोएनटेकच्या लशीचा छोटा अभ्यास झाला, १६ जणांत ८ जणांच्या टी सेल्सनी (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारक पेशी) दाद दिली, बाकीच्या आठांच्या नाही. गाठ शेवटी आपल्याच पेशींची, शरीर तिला परकी मानायला सहजी तयार होत नाही.

त्यामुळे मेसेजमधल्या नंबरवर पैसे अजिबात पाठवू नका. ट्रायल आहे म्हणत असतील तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन नंबर मागा, खऱ्या ट्रायलमध्ये प्रयोगातल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. मावशींची केमो या नादात एक दिवसही पुढे ढकलू नका, आणि कॅन्सर नक्की कुठला, स्टेज कोणती ते लिहिलं नाहीत तुम्ही, ते कळलं तर त्यावर कुठे ट्रायल चालू आहे का ते शोधून सांगतो.