कुत्र्यालाही गाडी लागते: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा सुरू झाला की कुत्र्याला सोबत घेऊन कोकणात जाण्याचे बेत घरोघरी ठरू लागतात आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत गाडीचा विषय निघतो. कुत्र्याला गाडीत बसायला आवडते का, असे बहुतेक जण विचारतात. कुत्र्याचे गाडीविषयीचे मत त्याच्या पोटात, कानात, सांध्यांत आणि आठवणीत साठलेले असते, असे इतक्या वर्षांच्या पशुवैद्यकीय कामातून मला दिसले आहे. त्यामुळे ‘हट्टी आहे’, ‘नाटक करतो’ असे पत्रात वाचले की मी आधी त्याच्या शरीराविषयीच विचारतो.

आमचे लॅब्रेडॉरचे पिल्लू पाच महिन्यांचे आहे. चिंचवडहून ताम्हिणी घाटातून दापोलीला जाताना त्याने तीनदा उलटी केली, मात्र शहरात फिरताना ते गप्प पडून असते. माणसाला लागते तशी कुत्र्यालाही गाडी लागते का? आणि ते मोठे झाल्यावर हा त्रास जाईल का?

होय, कुत्र्यालाही गाडी लागते आणि त्याचे कारणही आपल्यासारखेच असते. कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल आणि हालचाल ओळखणारी एक रचना असते. मागच्या सीटवर बसलेल्या पिल्लाच्या डोळ्यांना समोर स्थिर सीट दिसत असते, पण त्याच वेळी कान मेंदूला सांगत असतो की शरीर डावीकडे झुकले, उजवीकडे फेकले गेले, मध्येच थांबले. या दोन बातम्यांचा मेळ बसत नाही आणि त्यातून मळमळ सुरू होते. पिल्लांमध्ये तोल सांभाळणारी ही यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्यांना हा त्रास अधिक होतो आणि वर्षाच्या आसपास बऱ्याच जणांचा तो आपोआप कमी होतो.

तुमच्या पत्रातील ‘शहरात गप्प पडून असते’ या वाक्यापाशी मी थांबलो. उलटी हे मळमळीचे शेवटचे टोक असते. त्याआधी कुत्रा पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, घोट गिळतो, त्याची लाळ गळू लागते, आणि काही कुत्री अगदी निपचित होतात. पाच महिन्यांचे लॅब्रेडॉरचे पिल्लू गाडीत शहाण्यासारखे पडून राहते, तेव्हा त्याला बहुधा बरे वाटत नसते. पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी त्याच्या शेजारी बसवा आणि त्याच्या हनुवटीखालची चादर हाताने चाचपायला सांगा. ती ओली लागली तर शहरातही त्याला मळमळते आहे, असे समजा.

हा त्रास वेळीच थांबवणे महत्त्वाचे आहे, कारण कान पक्का झाल्यावर मळमळ गेली तरी गाडीची धास्ती मागे राहू शकते. निघण्यापूर्वी तीन-चार तास जेवण देऊ नका, पाणी मात्र देत राहा. त्याला मागच्या सीटच्या मधोमध किंवा नीट बांधलेल्या क्रेटमध्ये बसवा, काच थोडी खाली ठेवा, आणि घाटात गाडी चालवणाऱ्याला वळणांवर वेग आवरायला सांगा. दर तास-दीड तासाने थांबून, पट्टा लावूनच, त्याला पाच मिनिटे जमिनीवर चालू द्या. एवढे करूनही उलट्या होत असतील तर मॅरोपिटंट नावाचे औषध कुत्र्यांच्या प्रवासातील उलट्यांवर चांगले काम करते. ते प्रवासाच्या किमान दोन तास आधी द्यावे लागते आणि त्याची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ते तुमच्या पशुवैद्यांकडून लिहूनच घ्या. घरात माणसांसाठी ठेवलेली गाडी लागण्याची गोळी अर्धी करून देण्याची पद्धत मला अनेक घरांत दिसते. कृपया तसे करू नका.

तीन वर्षांची देशी कुत्री आम्ही रस्त्यावरून घरी आणली. घरात ती अतिशय प्रेमळ आहे, पण पार्किंगमधल्या बंद गाडीजवळ नेले तरी थरथरते आणि लाळ गाळते. गाडी सुरूही झालेली नसते, मग तिला मळमळ कशी होईल? झोपेचे औषध देऊन नेले तर चालेल का? (नाशिक)

गाडी हलली नसली तरी मळमळ होऊ शकते. कुत्र्यांवर प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे नाव घेतले की आपल्याला घंटा वाजताच जेवणाच्या आशेने लाळ गाळणारा कुत्रा आठवतो, परंतु त्यांनी नोंदवलेले आणखी एक निरीक्षण तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. मॉर्फिनचे इंजेक्शन दिल्यावर कुत्र्यांना मळमळ होई, लाळ सुटे आणि उलटी होई. असे काही दिवस झाल्यावर औषध शरीरात जाण्याआधीच, इंजेक्शनची नुसती तयारी दिसली तरी कुत्र्यांना लाळ सुटू लागली. शरीर मळमळसुद्धा शिकते. तुमच्या कुत्रीचे शरीर गाडीचा दरवाजा पाहून तेच करते आहे.

तिने हे कुठे शिकले असेल, याचाही विचार करा. रस्त्यावर वाढलेल्या बहुतेक कुत्र्यांचा वाहनाशी पहिला संबंध नसबंदीसाठी पकडून नेणाऱ्या गाडीशी येतो: जाळे, पिंजरा, अनोळखी कुत्र्यांचा वास, मग सुई. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या एका कानाचे टोक सरळ कापलेले असेल तर ती त्या प्रवासातून गेलेली आहे, असे खुशाल समजा. पुढे तुमच्या घरी आल्यावरही तिचे गाडीतले प्रवास दवाखान्यापुरतेच झाले असतील, तर गाडी म्हणजे संकट हा तिचा निष्कर्ष पक्का होत गेला असणार.

माझ्या दवाखान्यात अशी एक कुत्री येत असे. टेबलावर ठेवली की ती हूं की चूं करत नसे, पण उचलून घेतल्यावर स्टीलच्या पत्र्यावर तिच्या चारही पंजांचे ओले ठसे उमटलेले असत. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि भीतीतही तो सुटतो. तिच्या मालकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की ती गाडीत फार शांत बसते. त्यानंतर मी ‘शांत’ हा शब्द सावधपणे वापरू लागलो.

म्हणूनच झोपेच्या औषधाला माझा विरोध आहे. पूर्वी या कामासाठी ॲसिप्रोमाझिन सर्रास दिले जाई. त्याने अंग ढिले पडते, पण भीती कमी होतेच असे नाही. कुत्रीला सगळे कळत राहते, फक्त ते दाखवण्याची ताकद तिच्यात उरत नाही. आज भीती कमी करणारी निराळी औषधे उपलब्ध आहेत आणि त्रास तीव्र असेल तेव्हा ती द्यावीत, पण त्यांच्या जोडीला सराव हवाच.

हा सराव असा करावा. पहिले काही दिवस तिचे रात्रीचे जेवण गाडीपासून इतक्या अंतरावर ठेवा की ती न थरथरता खाईल, मग ते पंधरा पावले असो वा चाळीस. रोज ताटली थोडी पुढे सरकवा. गाडीपाशी पोहोचलात की दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे ठेवा, म्हणजे आत शिरले तरी पलीकडून निघता येते, हे तिला दिसेल. पुढे सीटवर खाऊ, मग दार लावून खाऊ, मग इंजिन सुरू करून खाऊ, मग सोसायटीच्या फाटकापर्यंत एक फेरी, आणि त्यानंतर पाच मिनिटांवरच्या एखाद्या मैदानापर्यंतची फेरी, जिथे उतरल्यावर तिला मनसोक्त हुंगता येईल. यातील एखादी पायरी एका दिवसात होते, तर एखादीला पंधरा दिवस लागतात. तिने आवडता खाऊ नाकारला की आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे या. या काळात तिला दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर शक्य असल्यास डॉक्टरांना घरी बोलवा, म्हणजे केलेला सराव वाया जाणार नाही.

तिला जवळ घेतल्याने भीतीचे लाड होतात का, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. तसे मुळीच होत नाही. भीती ही काही खाऊसाठी केलेली करामत नव्हे. ती तुमच्या कुशीत शिरत असेल तर तिला शिरू द्या.

भाजी घेईपर्यंत दहा मिनिटे कुत्र्याला गाडीत ठेवले, काचा दोन बोटे उघड्या ठेवल्या, तर चालते ना? (नागपूर)

नाही, चालत नाही. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे तापमान वेगवेगळ्या दिवशी मोजले होते. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा किंचित उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. नागपूरच्या मे महिन्यात सुरुवातच चाळिशीच्या पुढे होते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, आणि आतली हवाच तापलेली असेल तर धापांचा उपयोग राहत नाही. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश असते आणि ते ४१ च्या वर गेले की जिवाला धोका असतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही नीट टाकता येत नाही. कुत्रा उन्हाने कोसळला तर आधी त्याला सावलीत नेऊन भरपूर पाण्याने भिजवा, वारा घाला, आणि थंड करत करतच दवाखान्यात न्या.

आमचा बीगल खिडकीतून डोके बाहेर काढून बसतो तेव्हा सर्वांत आनंदी दिसतो. त्याला अडवावे का? (पणजी)

तुम्हाला दिसतो तो आनंद खरा आहे, असे मलाही वाटते. आपण खिडकीतून दृश्य पाहतो आणि तो वास घेत जातो. बीगल तर हुंगण्याच्या कामासाठीच जोपासलेली जात आहे. मासळी बाजार, ओली माती, कुणाच्या अंगणातला दुसरा कुत्रा, बेकरीतून नुकते निघालेले पाव हे सारे दर क्षणाला त्याच्या नाकासमोर येत असते, आणि तेही पावले न झिजवता.

तरीही डोके बाहेर काढू देऊ नका. अशा कुत्र्यांचे डोळे मी तपासलेले आहेत. डोळ्यात फ्लोरेसीन या नारिंगी रंगाचा थेंब टाकून निळा प्रकाश धरला की जिथे बुबुळावरचे पारदर्शक पटल खरचटले आहे, तिथे हिरवी रेघ चमकून उठते. ती रेघ वाळूच्या एका कणाने किंवा चिलटानेही पडू शकते आणि तिच्या वेदना कुत्र्याला अनेक दिवस सोसाव्या लागतात. शेजारून घासून जाणाऱ्या बसविषयी तर मी वेगळे लिहायला नको. काच एवढीच खाली घ्या की नाक बाहेर येईल, पण डोळे आत राहतील. वासाचे सुख त्याला त्या फटीतूनही पुरेसे मिळते.

घरात कार नाही. आमचा आठ किलोचा कुत्रा स्कूटरवर पायांपाशी उभा राहून येतो, आणि नातेवाइकांच्या कारमध्ये तो माझ्या मांडीवर पुढे बसतो. त्याला दोन्ही आवडते. यात काही चुकते आहे का? (सांगली)

त्याला आवडते ते तुमच्याजवळ असणे. त्याबद्दल तुम्हाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही, पण दोन्ही पद्धती धोक्याच्या आहेत. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली की आतला मोकळा जीव त्याच वेगाने पुढे फेकला जातो. तो आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. तुमचे हात कितीही घट्ट असले तरी त्या क्षणी आठ किलो वजन आवरता येत नाही, आणि समोरची एअरबॅग उघडली तर ती आधी मांडीवरच्या कुत्र्यावरच आदळते. ब्रिटनच्या हायवे कोडमधील ५७ वा नियम सांगतो की कुत्र्याला गाडीत सुरक्षितपणे बांधूनच न्यावे. तो इथेही पाळण्यासारखा आहे. छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या आणि आखूड पट्ट्याने तो मागच्या सीटच्या बेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधू नका, धक्का बसला तर मानेला इजा होते. स्कूटरवर मात्र मी सुरक्षित असा एकही उपाय सुचवू शकत नाही. कुत्र्याला नेऊ देणारी रिक्षा शोधा आणि ओळखीचा एक रिक्षावाला धरून ठेवा.

आमची लॅब्रेडॉर नऊ वर्षांची आहे. गाडीची किल्ली वाजली की धावत येणारी ही कुत्री गेले दोन महिने दारापाशी येऊन थांबते, शेपूट हलवते, पण चढत नाही. तिचे मन उडाले असेल का? (कोल्हापूर)

तिचे मन उडालेले नाही, हे तिची शेपूटच सांगते आहे. तिला यायचे आहे, पण उडी मारवत नाही. या वयाच्या लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचे आणि गुडघ्याचे सांधे झिजलेले असणे फार नेहमीचे आहे, आणि उडी मारताना शरीराचा सगळा भार मागच्या पायांवर येतो. उठताना ती आधी पुढचे पाय टेकून मग मागचा भाग ओढून घेते का, जिना उतरताना दोन्ही मागचे पाय एकत्र टाकते का, गुळगुळीत फरशीवर घसरते का, हे चार दिवस पाहून तशी नोंद घेऊन तिला तपासायला न्या. तिचे कानही तपासून घ्या, कारण आतल्या कानाच्या दुखण्यात तोल जातो आणि तेव्हाही कुत्री चढ-उतार टाळतात. वेदनाशामक औषध पशुवैद्यांनी दिलेलेच द्या. माणसांसाठीच्या अनेक वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला किंवा यकृताला घातक ठरतात.

तोवर तिच्यासाठी एक रुंद फळी घ्या आणि पाय घसरू नयेत म्हणून त्या फळीवर जुने पायपुसणे खिळ्यांनी पक्के बसवा. पहिले दोन-तीन दिवस ती फळी अंगणात जमिनीवरच आडवी टाकून तिला वरून चालू द्या. तिच्यावर पाय ठेवण्याची भीती गेली की मगच तिचे एक टोक गाडीच्या दाराला लावा, आणि चढताना तुमचा एक हात तिच्या पोटाखाली असू द्या.