गाणाऱ्या नटानं स्वतःच संगीत नाटकाचा निर्माता व्हावं का?

व्हा. पण ऑर्गनची साथ करणाऱ्याच्या मानधनाचं पाकीट आधी बाजूला काढा, मग बाकीचा हिशेब मांडा.

तुम्ही लिहिलंय, सहा वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांत गाताय, आता स्वतःचं दोन अंकी संगीत नाटक तयार आहे. निर्माता शोधू की मीच होऊ, आणि पैसे किती लागतील? हा उद्योग मी याच मुंबईत केलाय. २९ प्रयोग. तिसावा झाला नाही.

सगळे तुम्हाला बालगंधर्व दाखवतील. १९१३ साली स्वतःची नाटक मंडळी काढली आणि कर्जात गेले. ते कर्ज त्यांनी प्रयोग करूनच फेडलं, हे कुणी सांगत नाही. माझा भागीदार दुसरं टोक धरायचा. म्हणे, 'कट्यार काळजात घुसली' बघ, १९६७. निर्मिती प्रभाकर पणशीकरांची, संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, गळा वसंतराव देशपांड्यांचा. ज्यानं त्यानं आपापलं केलं. तू गा, पैशाचं मी बघतो.

मी ऐकलं.

पैशाचं बघायला लागल्यावर त्याला आधी ऑर्गनच खुपलं. आमच्याकडे गद्य नाटकापेक्षा तीन नाइट, म्हणजे प्रयोगामागची मानधनं, जास्त: ऑर्गन, तबला आणि व्हायोलिन. त्यात ते धूड गिरगावातून हलवायचं म्हणजे चार माणसं आणि निम्मा टेम्पो. बाविसाव्या प्रयोगानंतर हा साथ स्टुडिओत रेकॉर्ड करून घेऊन आला. बोरिवलीचा प्रयोग ट्रॅकवर. "लोकांना काय कळतंय?"

दुसऱ्या अंकात भीमपलासातलं पद होतं. त्या दिवशी आवाज असा लागला होता की मी शेवटी एक आवर्तन जास्त घेतलं. नेहमीच घ्यायचो. ऑर्गनवरचे काका मान वर करून माझ्याकडे बघत बसायचे. मी खालच्या गंधारावर रेंगाळलो की ओळखायचे, आता हा उतरतोय. ट्रॅकला मान नव्हती. माझी तान वर असतानाच तिहाई, म्हणजे शेवटाला तीनदा वाजणारा बोल, येऊन गेली, समेचा धा पडला आणि स्पीकर गप्प. मी एकटा लोंबकळत. नायिकेनं पुढचं वाक्य टाकून मला खाली उतरवलं. टाळ्या पडल्या, पण टाळ्यांतला फरक आपल्याला कळतो हो.

काका त्या दिवशी तिकीट काढून पाचव्या रांगेत बसले होते. नंतर मेकअपरूममध्ये आले आणि एवढंच म्हणाले, "पट्टी बरोबर होती."

भागीदाराचं म्हणणं, तू लांबवलंस म्हणून झालं. लांबवलंच! नाही लांबवायचं तर माणसं तिकीट काढून येतात कशाला? वन्स मोअर आला तर काय करणार होता हा, मागचं बटण दाबणार? पुढचे सहा प्रयोग आम्ही विंगेत भांडत काढले. ऑर्गन परत आलं, भागीदार गेला.

पैशाचा आकडा देत नाही, भाडी आणि जाहिरातीचे दर बदलत राहतात. पंधरा प्रयोग तोट्यात गेले तरी चालेल एवढी रक्कम नसेल तर नारळ फोडू नका. नाट्यगृहांच्या तिमाही तारीखवाटपात नव्या माणसाच्या हाती शनिवार-रविवार क्वचितच लागतो. मिळाली तर दुपारच घ्या. आपला प्रेक्षक निवृत्त. रात्रीच्या प्रयोगाला शेवटचं पद चालू असताना लोकलसाठी उठतो. दोन अंकी केलंत ते उत्तम.

हे आधीच सांगायला हवं होतं: माझ्या घरात बायकोचा बँकेतला पगार होता. आणि भागीदार चोर नव्हता, त्याची वही पै-पैशाला चोख होती. गाण्यातलं कळत नव्हतं, इतकंच.

ऑर्गन अजून माझ्याकडे आहे. दोन स्वर बोलत नाहीत, पावसाळ्यात तीन. हवं असेल तर घेऊन जा, भाडं घेणार नाही. टेम्पो तुमचा.