आवाज फुटलेल्या मुलांनी गायचं काय?

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. गाण्याची आवड आहे म्हणून यंदा समूहगीत माझ्याकडं आलं. सातवी-आठवीची चोवीस मुलं-मुली आहेत, आंतरशालेय स्पर्धेला पाच आठवडे उरलेत. मुख्याध्यापकांनी एक गाजलेलं देशभक्तीपर गीत सुचवलं आणि त्याचा कराओके ट्रॅकही आणून दिला. ध्रुवपद बरं जातं, पण अंतऱ्यात मुली किंचाळतात आणि आठ मुलगे एकदम खाली घसरतात. सहकारी म्हणतात, त्या आठांना नुसते ओठ हलवायला सांगा. गाणं बदलू का? बदललं तर कोणतं घेऊ?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाई, गाणं बदला. आणि ओठ हलवायला कुणालाही सांगू नका.

मी हे स्वतः केलंय, म्हणून कळकळीनं सांगते. नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती. सातवीतला एक मुलगा जूनमध्ये खणखणीत गायचा. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या आणि त्याचा आवाज ओळीच्या मध्येच तुटायला लागला. मी त्याला मागच्या रांगेत नेलं आणि म्हटलं, "तू फक्त तोंड हलव." त्यानं मुकाट्यानं हलवलं. पुढच्या वर्षी गाण्याच्या तासाला तो वहीत रेघोट्या मारत बसायचा, गायला मात्र पुन्हा उभा राहिला नाही. कितीतरी वर्षांनी गणपतीच्या मिरवणुकीत तो हलगी वाजवताना दिसला. हात असा बसलेला की मी गर्दीत थांबून ऐकत राहिले. त्या मुलाला माझ्या गाण्यात जागा होती, ती मी शोधलीच नव्हती.

साधारण बारा ते चौदा या वयात मुलग्यांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो. स्थिरावल्यावर तो सुमारे एक सप्तक खाली गेलेला असतो. पण स्थिरावेपर्यंतचे महिने अवघड. त्या काळात कित्येकांच्या हाताशी भरवशाचे पाच-सहाच सूर असतात. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, थोडा हवेशीर होतो, फक्त तो फुटल्यासारखा ऐकू येत नाही. तुमचे आठ जण बेसूर नाहीत. तुम्ही दिलेलं गाणं त्यांच्या सुरांच्या बाहेरचं आहे, इतकंच. आपल्या कोल्हापूरला ज्यांच्यामुळं गाण्याचं नाव मिळालं, त्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाजही ऐन उमेदीत बसला होता. बदललेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी पुढं घडवली. ही गोष्ट त्या आठ जणांना जरूर सांगा.

आता काम. गाणं निवडण्याआधी दोन तासिका फक्त ऐकण्यात घालवा. चार-चार मुलांना पेटीजवळ बोलवा, सफेद एक या पट्टीतला सा द्या, हळूहळू वर न्या, मग खाली आणा. कुठं मान ताणली जाते, कुठं आवाज नुसता वारा होतो, ते नावापुढं वहीत लिहा. बहुतेक मुली आणि न फुटलेले मुलगे सफेद एकच्या सा पासून तार सा पर्यंत, फार तर तार रे पर्यंत आरामात जातील. आवाज फुटत असलेल्यांची उडी बऱ्याचदा खालच्या ध पासून मधल्या प पर्यंत. एखाद्याचा आवाज खाली स्थिरावलाच असेल तर तो सगळं गाणं खालच्या सप्तकात म्हणू शकतो, त्याला खुशाल म्हणू द्या.

या वहीशी जुळेल तेच गाणं. आपल्या गाण्यांची घडण इथं मदतीला येते, कारण ध्रुवपद बहुधा खालच्या अर्ध्या सप्तकात फिरतं आणि अंतरा वर चढतो. ध्रुवपद सा ते प मध्ये बसणारं गाणं घ्या. ते सगळ्यांनी म्हणायचं, अंतरा वरच्या आवाजांनी. खालच्या पंचमापासून तार गंधारापर्यंत पळणारं गाणं कितीही आवडलं तरी सोडा. ते एकट्या तयार गळ्यासाठी बांधलेलं असतं, आणि कुठल्याही पट्टीत नेलं तरी एक टोक मुलांच्या हातून सुटतंच.

कराओके ट्रॅकचं दुखणं हेच. पट्टी मूळ गायकाची, लय मूळ गायकाची, आणि मुलांनी धापा टाकत मागून पळायचं. पेटी आणि ढोलकी पुरे आहे.

गाणी म्हणाल तर राज्यगीत झालेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' वाईट नाही. 2023 पासून त्याचा मान आहे, मुलांना शब्द पाठ असतात, फक्त पट्टी तुमच्या वहीप्रमाणं लावा. पसायदान मात्र स्पर्धेसाठी घेऊ नका. नऊ ओव्या मुलांना पाठ असतात म्हणून मोह होतो, पण संथ चालीतले लांब सूर धरताना या वयाचा गट हमखास उतरतो. संस्कृत जोडाक्षरांनी भरलेली गीतंही पाच आठवड्यांत नकोत. चोवीस तोंडांतून एक शब्द एकसारखा यायला वेळ लागतो. 'च' आणि 'ज' चे दोन-दोन उच्चार सारखे करून घेण्यातच माझा एक आठवडा जायचा. हादग्याची गाणी मोजक्या सुरांची, पाचवीला फार गोड जातात, पण आठवीचे मुलगे ती मनापासून म्हणणार नाहीत.

माझं मन विचाराल तर पोवाडा घ्या. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात मुलांना पोवाड्याचा ठेका शिकवावा लागत नाही, पाय आपोआप हलतात. विषयही घरचा : प्रतापराव गुजर 1674 मध्ये पडले ते नेसरीला, आपल्याच जिल्ह्यात. आणि तुमच्या आठ जणांची खरी जागा इथं आहे. त्यांना झीलकरी करा. शाहिराची ओळ मुली आणि वरचे आवाज म्हणतील, तिच्या शेवटावर "जी जी रं जी" ही झील ते आठ जण टाकतील. दोन-तीन सूर पुरतात, आवाज जाड असलेला उलट शोभतो, आणि झील पडल्याशिवाय पोवाडा पुढं सरकतच नाही. त्यांना मागं उभं करू नका, डाव्या बाजूला माईकजवळ घ्या. स्पर्धेच्या नियमांत पोवाडा चालतो का, तेवढं आधी विचारून घ्या. चालत नसेल तर पाठ्यपुस्तकातली एखादी कविता घेऊन तिला सहा सुरांत स्वतः चाल लावा आणि ध्रुवपदाची शेवटची ओळ झीलेसारखी परत म्हणायला द्या.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. दहा दिवसांनी त्यांना तालमीला बोलवा. आधी ट्रॅकवरचं गाणं ऐकवा, मग झीलेसकट पोवाडा. ऐकताना त्यांना त्या आठ मुलांच्या अगदी समोरची खुर्ची द्या.